बिनमोटरीच्या हिरीचा खोका

या, बसा मित्रांनो. जरा सरकून बसा, त्या बाकाचा एक पाय ढिला हाय. आज तुमास्नी एक गोष्ट सांगतो. माझीच हाय, त्यामुळं मधी कुणी सुधारायचं न्हाय. पण आदीच सांगून ठिवतो, ही काय नुसती कौतुकाची गोष्ट न्हाय. मी भर सभेत चुकीचं दाखवलं, आन त्यापायी एका घरावरचं पत्रं उतरायची पाळी आली. त्ये कसं झालं आन कसं निस्तरलं, त्ये ऐका.

मी एक जुना काचेचा खोका हाय. लांबीला चार फूट, उंचीला दोन फूट, आन जाडी म्हणाल तर चार बोटं. म्हंजी दोन मोठ्या काचा समोरासमोर हुभ्या, आन मधी वाळू. कॉलेजातली पोरं मला 'मॉडेल' म्हणायची. ज्यानं मला बनवला त्यो रामहरी खोकाच म्हणायचा, आन मला त्येच बरं वाटायचं. कॉलेजात पाच वर्षं काढली, पण भितीच्या कडंला हुभं ऱ्हाऊन. शिकलो काय न्हाय. म्हणून बोलणं असं आडदांड हाय, तेवढं चालवून घ्या.

माझ्या काचा पयल्या बारामतीच्या एस्टी स्टँडासमोरच्या एका हाटेलात हुत्या, कपाटाला. आत शेव, बुंदी, बालुशाही. भायेर माश्या आन एस्टी चुकल्याली माणसं. चौऱ्याण्णव साली मालकानं नवं स्टीलचं कौंटर केलं आन आमाला मागच्या बोळात टेकवून ठिवलं. रामहरी तितं रोज च्या प्यायला यायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळंतला शिपाई. पन्नाशीचा गडी, हात सुताराचं, तोंड फटकळ. त्यानं मालकाला इचारलं, "ह्या काचांचं काय लोणचं घालतोस व्हय?"

मालक म्हणला, "घिऊन जा बाबा. कुणाचा तरी पाय कापंल."

अशी माझी पाठवणी झाली. पोत्यात गुंडाळून, सायकलच्या क्यारेजला बांधून.

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला सुकन्या मॅडम हुत्या. जिमिनीच्या पोटातलं पाणी कुठनं कुठं चालतं, किती येगानं चालतं, त्यात घाण मिसळली तर ती कुठं निघती, ह्योच त्यांचा अभ्यास. त्या रामहरीला म्हणल्या, "मामा, विहिरीत वाकून बघितलं तर नुसतं पाणी दिसतं. ते आलं कुठून, ते दिसत नाही. मला जमीन कापून मुलांना दाखवायचीय."

"कलिंगड कापल्यागत?"

"अगदी तसंच. फक्त कापलेली बाजू काचेची पाहिजे."

"मंग बिया कुठं ठेवायच्या तेवढं सांगा," रामहरी म्हणला, आन कामाला लागला.

तीनदा भरला मला, तवा कुठं जमलो. पयल्या खेपंला रामहरीनं शेतातली काळी माती कोंबली. वरनं पाणी ओतलं, त्ये जागचं हलंना. दोन दिस वाट बघितली, तिसऱ्या दिशी वास सुटला. दुसऱ्या खेपंला निरा नदीची वाळू चाळून, धुवून घातली, पण पाणी वरनं घाईनं ओतलं आन वाळूत हवंचं बुडबुडं अडाकलं. बुडबुडा असला की पाणी त्येला वळसा घालून जातं, आन दाखवायचं एक ऱ्हातं, दिसतं भलतंच. तिसऱ्या खेपंला मॅडम म्हणल्या, पाणी खालनं चढू द्या, अगदी हळू, म्हंजी हवा वरनं निघून जाईल. त्येला दोन दिस लागलं. तळाला कुटल्याला काळा खडक, त्येच्यावर मुरूम, वर वाळू. दोन्ही टोकाला जाळी लावून पाण्याचं कप्पं. एका कप्प्यात पाणी वर ठेवायचं, दुसऱ्यात खाली, म्हंजी वाळूतनं पाणी वरच्या अंगाकडनं खालच्या अंगाकडं गुपचूप चालत ऱ्हातं. मधी हीर म्हणून भोकं पाडल्याली काचंची नळी. वाळू आत येऊ नये म्हणून तिला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळल्याला.

मंग मॅडमनी सुईनं लाल शाईचा एक थेंब वाळूत सोडला.

थेंब हलला. लांबट झाला, त्येला शेपूट फुटलं, आन वाळूच्या कणाकणामधनं सरकत त्यो हिरीकडं निघाला. रामहरी गप, आन त्यो गप बसणं म्हंजी काय त्ये कॉलेजला इचारा. आजवर माणसं माझ्या काचंतनं शेव बघत हुती, आता जिमिनीच्या आतलं बघाय लागली. मला लई बरं वाटलं.

मंग माझं दिस चांगलं आलं. हरेक वर्षी नवी पोरं. लोणी भापकरच्या बाजूला एका शाळंत नेला मला, तितं एका म्हाताऱ्यानं काचंला कान लावला आन म्हणला, "आवाज न्हाय गा ह्येला." रामहरी म्हणला, "बाबा, पाणी हाय, रेडिओ न्हाय."

शाण्णव साली शेजारच्या खोलीत कंप्युटर आला. त्येच्याकडं जायचं तर चपला भायेर काढाव्या लागायच्या. माझ्याम्होरं पोरं वडापाव खायची. मॅडम त्येच्या पडद्यावर गावाचे चौकोन पाडायच्या आन हरेक चौकोनात आकडा भरायच्या: हितं खडक कसला, हितं पाणी किती खोल. मंग त्यो घुरघुरत बसायचा आन कडंला भोकं असल्याल्या लांबड्या कागदावर बाण छापायचा, पाणी हिकडनं तिकडं चाललंय म्हणून. लाईट गेली की त्येचं सगळं पुसून जायचं. माझं न्हाय. त्येवढ्यावरच मी त्येला कमी लेखायचो. पण खरं सांगतो, आमी दोघं सारखंच. जे आत घालाल त्येच भायेर. त्ये मला तवा कळलं न्हवतं.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात महिपतराव कॉलेजात आलं.

अंथुर्ण्याच्या अलीकडं एक वाडी हाय. नाव सांगत न्हाय, माणसं अजून तितंच नांदत्यात. महिपतराव तितलं मोठं उसवालं, कारखान्याचं सभासद. वाडीला नळाचं पाणी त्यांनीच आणल्यालं. आदी बायका हिरीवर पोहरा टाकून पाणी काढायच्या. ह्येंनी मागं लागून हिरीवर मोटर बसवली, टाकी बांधली, आन फेब्रुवारीत घरोघरी नळ आला. नारळ फोडतानाचा फोटू त्यांच्या पाकिटात हुता. आन एप्रिलात वाडीत कावीळ आली. एकवीस माणसं. त्यात त्यांची सात वर्षाची नात, स्वरूपा.

रुबाबाचा माणूस, पण टोपी हातात घिऊन हुभा ऱ्हायला. "मॅडम, डाक्टर म्हणत्यात पाण्यातनं हाय. आन पाणी कशानं नासलं त्ये आमाला ठावं हाय. हिरीच्या वरल्या अंगाला, माळावर, गेणबाचा मेंढवाडा हाय. दीडशे मेंढरं. ती घाण उताराला लागून हिरीत येती. पर त्यो मानत न्हाय. तुमी शास्त्राचा पुरावा द्या."

"पुरावा आधी ठरवून देत नाहीत, महिपतराव," मॅडम म्हणल्या. "आधी बघावं लागेल."

"बगा की. जीप भायेर हुभी हाय."

आता गेणबा कोण त्ये सांगतो. धनगर. त्याचा बाप दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा, पावसाळ्याला वर यायचा. गेणबानं अकरा वर्षामागं माळावर पत्र्याचं घर केलं आन तितंच ऱ्हायला. त्या पत्त्यावर त्यांचं पयलं रेशनकार्ड निघालं. नात प्रतिक्षा वाडीच्या शाळंत तिसरीला. त्या घराण्यात पाटी हातात धरणारी पयलीच. म्हणून त्यो माळ सोडायचा म्हंजी नुसती मेंढरं हाकायची न्हवती. गेलं की सगळंच गेलं.

मॅडम सकाळी आठला हिरीवर. त्या आठवड्यात मोटरंची लाईट दुपारी बाराला यायची. सकाळी मोटर बंद, पाणी निवांत. पुस्तकातबी तसंच लिवल्यालं म्हणं, पाणी निवांत असताना मापावं. लोखंडी टेपच्या टोकाला खडू फासला, टेप सोडली, खडू जितवर भिजला तितवर माप धरलं. वर माळावरचं बोअर मापलं, खाली उसातली हीर मापली. पाणी माळाकडं उंच, उसाकडं खोल. सरळ उतार. दुपारच्या एस्टीच्या आत काम उरकलं.

आकडं कंप्युटरात गेलं. त्येनं बाण छापलं: माळाकडनं हिरीकडं. मंग तशाच उतारानं मला भरला. वर वाडा, मधी हीर, खाली उसाचं रान. वाड्याच्या जागी सुईनं लाल शाई टोचली. पाऊण तासात हिरीची नळी लाल. आमी दोघं एका सुरात बोललो, आन मी मनातनं फुगलो. वाटलं, आज खरं काम केलं.

दुसऱ्या दिशी मारुतीच्या देवळाम्होरं सभा. मला जीपमधनं नेला, खाली पोती घालून. सगळी वाडी गोळा. लाल शेपूट हिरीला टेकलं तवा सभा एकदम "हां!" करून उठली.

मागनं कुणीतरी वरडलं, "गेणबा, तुजी मेंढरं काचंत घावली की रं!"

हशा झाला. गेणबा उठला. मोठं लाल मुंडासं, बोलणं कमी. "मेंढरं अकरा वरसं तितं हायती. कावीळ औंदा आली."

"घाण साठती, गेणबा," महिपतराव म्हणलं. "साठत साठत खाली येती. बग की, डोळ्यांनी बग."

बायकांमधनं प्रयागबाई उठली. गेणबाची बायको. "मेंढरांनी कावीळ हुती तर पयली आमाला हुया पायजे हुती. आमी त्येंच्यातच निजतो. आमच्या घरात कुणाचं डोळं पिवळं हायती, सांगा!"

"मावशे, तुमी हिरीचं पाणी पिताच कुठं? तुमी वरच्या झऱ्याचं पिता," एक जण म्हणला. "म्हणून तर वाचलासा."

मॅडम उठून म्हणल्या, "थांबा, याचा अर्थ तिथून येऊ शकतं, एवढाच आहे." पण त्यातलं 'शकतं' कुणाच्या कानात शिरलं न्हाय. ठराव झाला: रविवारच्या आत गेणबानं वाडा हलवायचा.

सभा मोडती न मोडती तवर महिपतरावांच्या घरनं निरोप आला, स्वरूपा सारखी वकतीय, डोळं उघडंना. तिला घिऊन जीप बारामतीला पळाली, मॅडमबी त्याच जीपमधनं गेल्या. मी आन रामहरी ऱ्हायलो शाळंच्या पडवीत.

सकाळी शाळा भरायच्या आदी प्रयागबाई आली. नातीचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला. गुरुजी अजून आलं न्हवतं, म्हणून ती माझ्यासमोर बसली. रामहरी मशेरी लावत हुता.

"ह्योच का त्यो?"

"ह्योच. हात लावू नगा मावशी, गळाय लागतो."

"ह्येला तोंड न्हाय, जीब न्हाय, आन आमचं घर उठवलं."

ती वाकली, काचंला नाक लावून लई येळ बघत बसली. मंग बोट टेकवून म्हणली, "ही हीर?"

"व्हय."

"मंग हिची मोटर कुठाय?"

"मोटर?"

"आरं, हिरीवर मोटर हाय न्हवं? बाराला चालू हुती. चारला हिरीचा तळ दिसतो, कपारीतली कबुतरं खाली उतरत्यात. तुमच्या हिरीत पाणी हाय तितंच हाय."

"मॅडमनी त्या दिशी सकाळच्या पारी मापलं हुतं."

"सकाळी हीर झोपल्याली असती. झोपल्याल्या माणसाचं तोंड बघून त्यो भाकरी किती खातो त्ये सांगता येतंय व्हय?"

रामहरीनं मशेरी थुकली आन चूळ भरली. म्हंजी आता त्यो नीट ऐकाय लागला.

"आन त्यो आड कुठाय ह्यात?" तिनं इचारलं.

"कुठला आड?"

"महिपतरावाच्या नव्या बंगल्यामागला. हिरीच्या खालच्या अंगाला हाय की. माझं लगीन झालं तवा आमी मेंढरांना तितं पाणी पाजायचो. मंग आटला. मागल्या दिवाळीला बंगल्यात संडास बांधला, त्येचा पाइप त्यात सोडलाय आन वर शहाबादी फरशी टाकलीय. मिस्त्री म्हणला, आयता खड्डा हाय, दुसरा कशाला खणायचा."

"आन ह्ये कुणी बोललं कसं न्हाय?"

"बोलायचं काय त्यात? सगळ्यांस्नी ठावं हाय. खालच्या अंगाला हाय न्हवं. पाणी वर चढतं व्हय, म्हणत्यात." तिनं बोट लाल शाईकडं सरकवलं. "आन ह्यी शाई. आमी काय लेंडी सुईनं जिमिनीत टोचतो? ती वरच पडती, उनात वाळती, आन म्हैन्याच्या म्हैन्याला महिपतरावाचीच गाडी येऊन उसाला भरून नेती."

मित्रांनो, मला घाम फुटत न्हाय, पण त्या दिशी काचंवर पाणी आलं हुतं, येवढं खरं.

रामहरी मॅडमना फोन करायला फाट्यावरच्या एस्टीडी बूथकडं पळाला. परत आला तवा धापा टाकत म्हणला, "मॅडम येतायत दुपारच्या एस्टीनं. म्हणल्या, त्यांना दाखला काढू देऊ नका."

"आन गुरुजींनी दिला तर?"

"तर मी फाडतो. बसा हितंच."

त्या दिशी मॅडम दुपारी चारला हिरीवर गेल्या, मोटर चालू असताना. टेप सोडली. आदीच्या सकाळच्या मापापेक्षा पाणी अठरा फूट खाली. मंग बंगल्यामागं जाऊन रामहरीनं पहारीनं फरशी उचलली, प्रयागबाईनं नाकाला पदर लावून टेप धरली. आडातलं पाणी हिरीतल्या पाण्यापेक्षा बारा फूट वर हुतं. आन दोघांमधी अंतर पाऊणशे पावलं.

पडवीत येऊन मॅडम माझ्यासमोर खालीच बसल्या. "मामा, त्या दिवशी सकाळी मी मापलं ते बरोबर होतं. आणि तरी चुकीचं होतं." मंग प्रयागबाईकडं वळून म्हणल्या, "मावशी, तुम्ही किती शिकलाय?"

"शाळंच्या कुंपणाला मेंढरं चारल्यात," ती म्हणली. "आता मोटर बसवा ह्येच्यात."

बसवली. दवाखान्यातनं सलाइनची नळी आणली, तिचं एक टोक माझ्या हिरीत, दुसरं खाली बादलीत, मधी चिमटा. चिमटा सोडला की हिरीतलं पाणी वढलं जातंय, झाली मोटर. खालच्या अंगाला आड म्हणून दुसरी नळी रोवली. त्यात वतायला मिठाईत घालायचा हिरवा रंग. आन वर माळाच्या जागी प्रयागबाईनं स्वताच्या हातानं वाळल्याली लेंडी चुरून पसरली, त्येच्यावर देवळातला गुलाल, म्हंजी हालली तर दिसंल.

शनिवारी परत सभा. महिपतराव दवाखान्यातनं सरळ आलं, दाढी वाढल्याली. स्वरूपा अजून खाटंवरच हुती, बोलत न्हवती. "मॅडम, एकदा दाखवलं की तुमी. आता परत काय?"

"तेव्हा मी अर्धीच वाडी दाखवली होती."

पयल्यांदा चिमटा बंद ठिवला. हिरवा रंग आडातनं निघाला आन उसाकडं, खाली चालला. महिपतरावांनी मान डोलवली. "म्हणलं न्हवं? खालच्या अंगाचं खालीच जाणार."

मॅडम म्हणल्या, "मामा, बारा वाजले."

रामहरीनं चिमटा सोडला.

माझ्या पोटात काय झालं त्ये सांगतो. हिरीतलं पाणी उतराय लागलं, आन चारी अंगाची वाळू तिकडं वढ खायला लागली. हिरवं शेपूट चालता चालता थांबलं. सगळी सभा बघत हुती. त्ये तसंच हुभं ऱ्हायलं, बिडी वढून हुईल तितका येळ. आन मंग मागं वळलं. चढाकडं. हळू, अगदी हळू, पण चढाकडं. हिरीच्या नळीला टेकलं. सलाइनच्या नळीत हिरवट पाणी आलं आन बादलीत ठिबकाय लागलं.

वर गुलाल हाय तितंच.

"पाऊस पडला तर?" कुणीतरी बारीक आवाजात इचारलं.

"पडला तर वरचंही थोडं जाईल," मॅडम म्हणल्या. "म्हणून पावसाच्या आत लेंडी उचलायची. पण मार्च-एप्रिलात इथं पाऊस पडलाय का?"

कुणी महिपतरावांकडं बघंना. सगळी माझ्याकडंच बघत ऱ्हायली, त्ये सोपं हुतं. महिपतराव त्या ठिबकणाऱ्या नळीकडं बघत म्हणलं, "माझ्याच घरनं." मंग, "आन नातीला माझ्याच घरात पाजलं."

पुढं हून गेणबानंच त्यांचा दंड धरला. "बसा, महिपतराव. खाली बसा."

पण मॅडमनी कुणाला निवाडा करू दिला न्हाय. म्हणल्या, "हा खोका आहे. मागच्या वेळी पण खोकाच होता, आणि तुम्ही त्याचं ऐकलंत. आता खरं विहिरीनं सांगू दे." रंगाचा डबाच दिला महिपतरावांच्या हातात. त्यांनी स्वता फरशी सारून त्यो आडात वतला, वरनं बारा घागरी पाणी. नळ बंद केलं, वाडीला पाणी टँकरनं, आन हिरीवरची मोटर रोज बाराला चालू, पाणी नुसतं शेताच्या चारीला सोडून द्यायचं.

गेणबा मातर हट्टी. म्हणला, ठराव रविवारचा हाय, त्यो काय अजून कुणी मोडला न्हाय. रविवारी सकाळी त्यानं घरावरचं पत्रं उतरवलं आन वाघर, मेंढरांभवती लावायचं जाळं, गुंडाळून ठिवलं. प्रयागबाई लई भांडली. त्यो आयकंना.

बुधवारी दुपारी हिरीच्या खालच्या अंगाच्या कपारीतनं हिरवी धार आली. बारीकच, पण हिरवी. मॅडमनी बाटलीत धरली. महिपतरावांनी ती बाटली हातात घेतली, उनात धरली आन हळूच खाली ठिवली.

मला बारामतीला न्ह्यायला जीप आली ती आदी माळावर वळली. महिपतराव स्वता चालवत हुतं, मी मागं पोत्यावर. माळावर नुसत्या भिती हुभ्या. आत भांडी, एक पाटी, आन वर उघडं आभाळ. गेणबा मेंढरं एका जागी आणत हुता.

महिपतराव उतरलं. "गेणबा, ठराव रद्द झाला. पत्रं चढीव."

"उतरवायला एक माणूस पुरतो," गेणबा म्हणला. "चढवायला दोन लागत्यात. पोरगा कंपनीत गेलाय."

महिपतरावांनी इकडं तिकडं बघितलं. मंग टोपी काढून माझ्यावर ठिवली, पायातली चप्पल काढली आन शिडीला पाय लावला. साठीचा माणूस, पांढरं धोतर. खालनं गेणबा पत्रा देतोय, वरनं ह्यो वढतोय. प्रयागबाई खालनं वरडली, "महिपतराव, त्यो पन्हळीचा भाग वर करा! उलटा बसवताय!"

"बसीवतो, बसीवतो. आता तूच सांग, मी आयकतो."

सात पत्रं. सांजपातूर मी त्या जीपमधी उनात तापत पडलो हुतो. पण खरं सांगू का, त्यो येळ मला जराबी लांब वाटला न्हाय.

आडाचा पाइप त्याच आठवड्यात तोडला आन लांब, उसाच्या पल्याड, नीट टाकी बांधून त्यात सोडला. हिरीचं पाणी उपसून उपसून टाकलं, औषध घातलं. दोन म्हैन्यांनी तपासलं, मंग नळ सुरू केला. मे सरता सरता स्वरूपा घरी आली, काडी झाली हुती, पण चालत आली. प्रतिक्षा चौथीत गेली. दाखला गुरुजींकडंच ऱ्हायला.

माझं म्हणाल तर नंतर काय इशेष झालं न्हाय. अठ्ठ्याण्णवला मॅडम पुण्याला गेल्या. रामहरी निवृत्त झाला. कंप्युटर नवा आला, रंगीत, त्येच्यावर बाणच न्हाय तर घाणसुद्धा चालताना दिसती म्हणं. माझी वाळू सुकली, एक काच तडकली, आन आता मी हितं, ह्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांबरुबर. तक्रार न्हाय. काचंला येवढं आयुष्य म्हंजी लई झालं. नव्या कंप्युटराबद्दलबी राग न्हाय. त्यो चांगला हाय. पण त्येच्याबी पोटात तेवढंच जातंय, जेवढं माणूस त्येला सांगतो.

म्हणून एकच मागणं हाय, मित्रांनो. आज घरी गेलासा की तुमच्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. तिला इचारा, आपल्या गावात आटल्यालं, बुजवल्यालं, फरशी टाकून झाकल्यालं आड कुठं कुठं हायती, आन आता त्यात काय सोडल्यालं हाय. नकाशात ती न्हायती, पण तिच्या पायास्नी ठावं हायती. ती बोट दाखवंल तितं तिच्यासंगं चालत जावा आन वहीत काढून घ्या. ती हाय तवरच इचारा.